गडग्यावरची टोपली
आज २६ एप्रिल २०२०, अक्षय्य तृतीया. लॉकडाऊनमुळे ग्रामदेवतेच्या देवळाला कुलूप, म्हणून आईने हापूसचा नैवेद्य घरच्याच देवापुढे ठेवला. शिमग्यातली पालखी आठवली, सगळी वाडी खांद्याला खांदा लावून नाचली होती. दीड महिनाच झाला त्याला!

मुंबईला न गेलेला आंबा पडवीत पिकतोय, काळजी आहेच. तरी संध्याकाळी आईने डझनभर आंबे आणि कोकम सरबत शेजारच्या खालांसाठी (मावशींसाठी) काढलं. त्यांचा आज दुसरा रोजा. मशीद बंद, नमाज घरीच. मी टोपली गडग्यावर, मधल्या दगडी कुंपणावर, ठेवून मागे सरलो.

रोजा सुटल्यावर हाक आली, "बाबू, आंबा साखर हाय रे!" टोपलीत गरम सांदणं, तांदळाच्या रव्याची वाफवलेली. त्यांची नारळाच्या दुधातली, आमची फणसाच्या रसातली.

आई म्हणाली, "बरका फणस पिकला की आपली पाठवू."