नाल्याकाठची नोंदवही

पक्षीनिरीक्षण म्हटलं की लोक आधी कॅमेऱ्याची किंमत विचारतात. या छंदात पहिलं ठरवायचं असतं ते ठिकाण. खानदेशात त्याला तोटा नाही. तापीवरचं हतनूरचं पाणी आहे, जळगावचा मेहरूण तलाव आहे, पांझरेवरच्या फड बागायतीचे बंधारे आणि पाट आहेत. यातलं काहीच जवळ नसेल तर वावराशेजारचा नालाही चालतो. जिथे वर्षभर, आठवड्यातून एकदा, कंटाळा न करता जाता येईल ती जागा धरावी. तोरणमाळ आणि यावलचं अभयारण्य कुठे पळून जात नाहीत. एकाच नाल्यावर जाणाऱ्याला पिवळा धोबी हा हिवाळी पाहुणा पक्षी यंदा कधी आला आणि कधी गेला हे सांगता येतं. दर रविवारी नवी जागा गाठणाऱ्याची यादी तेवढी लांबते.

दुर्बीण 8x42 घ्यावी, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि 42 मिलिमीटर रुंद भिंगाची. 10x मध्ये पक्षी मोठा दिसतो, पण हाताची थरथरही तेवढीच वाढते आणि दिसणारा पट्टा अरुंद होतो, त्यामुळे झुडपातला शिंपी पक्षी सापडेपर्यंत उडून जातो. दुर्बीण आणल्यावर बहुतेकजण एक काम करतच नाहीत, ते म्हणजे डायॉप्टर लावणं, दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक दुर्बिणीत जुळवून घेणं. दूरच्या विजेच्या खांबावरचा आकडा धरा. उजव्या बाजूचं पुढचं भिंग हाताने झाका आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला आकडा स्पष्ट करून घ्या. मग डावं भिंग झाका, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याकडची कडी फिरवून तोच आकडा स्पष्ट करा. कडीची खूण लक्षात ठेवा, घरात कुणीतरी ती फिरवतंच. हे न करता पाहिलं तर चित्र सतत किंचित पुसट राहतं, अर्ध्या तासात कपाळ दुखतं आणि बोल दुर्बिणीला लागतो. चष्मा असेल तर डोळ्याकडची रबरी वाटी खाली करायची. काळ्या मातीची धूळ सदऱ्याने पुसू नका, ओरखडे पडतात. आधी फुंकर, मग मऊ कापड.

ओळखताना रंग सगळ्यात शेवटी. उन्हाविरुद्ध पाहिलं तर प्रत्येक पक्षी काळाच दिसतो, म्हणून सकाळी पाण्याच्या पूर्वेच्या काठावर उभं राहावं, म्हणजे ऊन पाठीवर येतं. आधी आकार बघायचा: चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? मग चोच, मग चाल. नाल्याच्या चिखलात हिवाळ्यात तुतारी या पाणपक्ष्याच्या तीन जाती सापडतात आणि नवशिक्याला तिन्ही एकच वाटतात. साधी तुतारी सारखी मागचा भाग वरखाली हलवते; तिच्या छातीच्या बाजूने पोटाचा पांढरा रंग खांद्यापुढे वर चढलेला असतो. हिरवी तुतारी गडद असते, आणि उडाली की शेपटीवरची पाठ लख्ख पांढरी, पंखांची खालची बाजू मात्र काळपट. ठिपकेवाल्या तुतारीचीही पाठ तिथे पांढरीच असते, पण पंखाखाली फिकट, पाय लांब व पिवळट, भुवई ठळक. म्हणजे ती उडते त्या दोन सेकंदांतच निकाल लागतो. त्या वेळी कॅमेऱ्याचं बटण शोधत बसलात तर संपलं! नाही कळली, तर वहीत सरळ ‘तुतारी, कोणती ते कळली नाही’ असं लिहावं. अंदाजाने नाव ठोकण्यापेक्षा ती नोंद शंभर पटीने कामाची.

चुकीची नोंद काय करू शकते याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच भागातलं आहे. रानपिंगळा या छोट्या घुबडाचं शास्त्रीय वर्णन 1873 मध्ये झालं, आणि 1884 नंतर त्याचा खरा नमुना कुणाला मिळाला नाही. 1914 सालचा, गुजरातेतला म्हणून एक नमुना संग्रहालयात होता. तो निघाला चोरीचा: मायनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने जुनाच नमुना उचलून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. त्या चिठ्ठीवर विसंबून लोक भलतीकडे शोधत राहिले. जुन्या खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांवरून अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकारी निघाले, तेव्हा नोव्हेंबर 1997 मध्ये पक्षी शहाद्याजवळच्या रानात दिसला.

सातपुड्यात आज त्याची वार्ता रोज कुणीतरी आणतं, आणि बहुतेक वेळा तो साधा पिंगळा असतो. डोकं पाहा. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर जवळजवळ नाहीतच. रानपिंगळ्याच्या पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, पोट स्वच्छ पांढरं, पाय दाट पिसांनी जाड झालेले. तो सागाच्या विरळ रानात दिवसा शिकार करतो आणि बसल्या बसल्या शेपटी डावी-उजवीकडे झटकतो. घराच्या वळचणीला दिसला तर तो नव्हेच. सापडला तर मोबाईलवर त्याचा आवाज वाजवू नका. हद्दीत दुसरा आला समजून तो शिकार सोडून भांडायला येतो.

मोजणीतही फसगत होते. दादर ज्वारीच्या पिकावर भोरड्यांचा (गुलाबी मैनांचा) थवा उतरला की ‘हजारो’ लिहिण्याचा मोह होतो. वीस पक्षी मोजा, ते केवढी जागा घेतात ते डोळ्यांत धरा, आणि तसे किती तुकडे थव्यात बसतात ते पाहा. उडता थवा असेल तर दोन खांबांमधून जाताना मोजा. पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या ई-बर्ड या संकेतस्थळावर यादी पूर्ण आहे का असं विचारतात, तिथे ओळखलेले सगळे पक्षी लिहिले असतील तरच ‘हो’ म्हणा. कावळे आणि होले गाळून फक्त चक्रवाक लिहिणाऱ्याचं ‘हो’ खोटं ठरतं.

मे महिन्यात उजाडल्यापासून आठ वाजेपर्यंतच काय ते पाहून घ्या. पुढे पारा पंचेचाळीसच्या आसपास, आणि पाण्यावरची हवा इतकी थरथरते की चांगली दुर्बीणही कुचकामी. याच दिवसांत टिटवी उघड्या रानात खड्यांमध्ये अंडी घालते, साधारण चार, ढेकळांच्या रंगाची. ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली की पुढे पाऊल टाकू नका, आल्या वाटेने मागे फिरा. ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून अंड्यांना गारवा देते. तुम्ही फोटोसाठी तिथेच उभे राहिलात तर तिला उतरता येत नाही, आणि अंडी भर उन्हात उघडी पडतात.