तुम्ही विचारलंत म्हणून: कोणतं सीएमएस घेऊ?

‘वेबसाइट करायची आहे. वर्डप्रेस घेऊ, ड्रुपल घेऊ, की सगळं स्वतःच चालवून देणाऱ्या कंपनीची एखादी तयार सेवा?’ असं मला सतत विचारलं जातं. प्रश्न सीएमएसचा, म्हणजे वेबसाइटवरचा मजकूर चढवायच्या आणि सांभाळायच्या यंत्रणेचा असतो. मी आधी दोनच गोष्टी विचारते. रोज मजकूर कोण चढवणार? आणि उद्या हे सीएमएस सोडावं लागलं, तर तो मजकूर कोणत्या रूपात तुमच्या हाती येईल?

दुसरा प्रश्न बऱ्याच जणांना अपशकुनी वाटतो. पण सोडायची वेळ येतेच. ड्रुपल ७ आलं २०११ मध्ये आणि त्याला अधिकृत सुरक्षा अपडेट मिळणं थांबलं ५ जानेवारी २०२५ ला. मधे २०१५ मध्ये ड्रुपल ८ आलं खरं, पण ते आतून इतकं बदललेलं होतं की ७ वरून तिकडे जाणं म्हणजे नुसतं अपडेट नव्हतं. साइट जवळजवळ नव्यानेच उभारावी लागायची.

वर्डप्रेसमधून मजकूर बाहेर काढला की एक एक्सएमएल फाइल (खुणा घालून मांडलेल्या मजकुराची फाइल) मिळते. तिच्यात लेख, पानं, प्रतिक्रिया, वर्गवारी सगळं असतं. फोटो मात्र नसतात, त्यांचे फक्त पत्ते असतात. म्हणजे जुनी साइट बंद केल्यावर ती फाइल उघडलीत, तर लेख मिळतील आणि चित्रांच्या जागा रिकाम्या राहतील. फोटोंचं फोल्डर वेगळं उतरवून घ्यावं लागतं, हे आधी कुणी सांगत नाही.

त्याहून वाईट गत काही पेज बिल्डरांची, म्हणजे पानाची मांडणी करून देणाऱ्या प्लगइनांची (वर्डप्रेसला वरून जोडायचे भाग). असं प्लगइन बंद करून एखादं पान उघडून बघा. तुमच्या परिच्छेदांच्या आगेमागे चौकटी कंसातल्या सूचना दिसायला लागतात: इथे ओळ सुरू, इथे अर्धा स्तंभ, इथे बटण. शेकडो पानांतून तो कचरा काढायचा म्हणजे कंबरडं मोडतं. डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेस ५.० सोबत आलेला ब्लॉक एडिटर (परिच्छेद, चित्र असे तुकडे रचून पान लिहायची सोय) मला म्हणूनच बरा वाटतो. त्याच्या खुणा एचटीएमएलच्या, म्हणजे वेबपानाच्या कोडच्या, वाचकाला न दिसणाऱ्या टिप्पण्यांमध्ये राहतात, त्यामुळे साधा मजकूर तरी वाचण्याजोगा उरतो.

ह्यूगो किंवा जेकिल, म्हणजे साध्या फायलींतून साइटची पानं बनवणारी साधनं, वापरलंत तर ही चिंता जवळपास मिटते, कारण सगळं लेखन साध्या मार्कडाउन फायलींत (मथळा, ठळक अक्षर वगैरे सोप्या चिन्हांनी दाखवलेला मजकूर) असतं. पण लिहिणाऱ्याला गिट (फायलींतले बदल नोंदवणारं साधन) जमत नसेल, तर महिन्याभरात साइटवर काही नवीन येणं बंद होतं. आणि बंद पडलेली साइट बघून मला फार वाईट वाटतं.

तांत्रिक माणूस कायम हाताशी नसेल, तर मी वर्डप्रेस सुचवते: साधी थीम (साइटचं रूप ठरवणारा साचा), अगदी मोजकी प्लगइन. कार्यक्रम, वक्ते, स्थळं अशी एकमेकांत गुंतलेली माहिती खूप असेल आणि सांभाळणारी टीम असेल, तर ड्रुपल. तयार सेवा वाईट नसतात, फक्त पैसे भरण्याआधी तिथे एक्सपोर्टची, म्हणजे मजकूर बाहेर काढून घ्यायची, सोय आहे का ते शोधा.

ठरवण्याआधी एवढं कराच. तुमचेच खरे पाच-सहा लेख घ्या. त्यांत एखादा तक्ता असू दे, मथळ्यासह फोटो असू दे. जी व्यक्ती रोज काम करणार आहे, तिलाच ते चढवायला द्या, शेजारी बसा आणि मदत करू नका. मग सगळं एक्सपोर्ट करून ती फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. तुमची वाक्यं त्यात सरळ वाचता आली, तर ते सीएमएस खुशाल घ्या.