कॅम्प स्ट्रीटवरच्या तिघी

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, रेकॉर्डच बिघडलेली आहे. अमेरिकेतल्या तिघी बॉझवेल बहिणींचं 'एव्हरीबडी लव्हज माय बेबी', १९३२ सालचं. तिघीजणी चांगल्या सरळ इंग्रजीत गात होत्या आणि मधेच शब्द असे गडगडत यायला लागले की एक अक्षर कळेना. ताल मात्र पक्का. तिघींचं प्रत्येक अक्षर एकाच क्षणी पडत होतं. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा उलगडा झाला आणि स्वयंपाकघरात एकटीच असूनही मी मोठ्याने म्हणाले, "अगं, ही तर च-ची भाषा!"

सांगलीला आम्ही तिघी बहिणी ही भाषा बोलायचो. शब्दाचं पहिलं अक्षर उचलायचं, शेवटी नेऊन ठेवायचं आणि त्याच्या जागी च. "चलाम चूकभ चागलील" म्हणजे मला भूक लागली. ताई इतकी भरभर बोलायची की आईला कळायच्या आत आमचा बेत ठरलेला असायचा. बॉझवेल बहिणींच्या भाषेची रीत थोडी वेगळी होती, त्या शब्दाच्या पोटात ठरलेली अक्षरं भरायच्या. पण लहानपणीची ती घरातली भाषा त्यांनी रेकॉर्डवर नेली, रेडिओवर नेली. त्या दिवसापासून मी या तिघींच्या मागे लागले आहे.

मार्था १९०५ची, कॉनी १९०७ची, हेल्वेशिया म्हणजे व्हेट १९११ची. १९१४मध्ये कुटुंब न्यू ऑर्लिन्सला आलं आणि पुढे कॅम्प स्ट्रीटवरच्या घरात राहिलं. मुलींचं शिक्षण पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचं: मार्था पियानो, कॉनी चेलो, व्हेट व्हायोलिन. पण न्यू ऑर्लिन्समध्ये खिडकी उघडली की दुसरंच संगीत आत यायचं, जाझ. एमेट हार्डी नावाचा तरुण कॉर्नेटवादक (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटसारखं वाद्य) त्यांच्या घरी येऊन वाजवत बसायचा. १९२५मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी, तो क्षयाने गेला. मेमी स्मिथसारख्या कृष्णवर्णीय गायिकांचं गाणं या मुलींनी कान देऊन ऐकलं, आणि कॉनी इटालियन ऑपेरागायक कारूसोच्या रेकॉर्डी लावून त्याचा दमसास कसा टिकतो ते शिकायची.

१९२५च्याच मार्चमध्ये व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीचे लोक न्यू ऑर्लिन्सला आले आणि तिघींचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं. तेव्हा अजून भोंग्यासमोर गायचं. ते मुद्रण ऐकलं की कळतं, मुली जोर लावून गाताहेत, आवाज भोंग्यात पोचवायची धडपड आहे. पाच वर्षांनी, १९३०मध्ये ओके कंपनीसाठी त्यांनी 'हीबी जीबीज' गायलं ते माइकसमोर. जोर नाहीसा झालेला. जवळ बसून, एकमेकींच्या कानात सांगावं तसं गाणं. गाणाऱ्याचा गळा माइकने मोकळा केला, असं मला त्या दोन रेकॉर्डी एकामागून एक ऐकताना अगदी स्पष्ट जाणवतं.

त्या गातात म्हणजे काय करतात, ते मला पेटीवर बसल्यावरच कळलं. मी भजनी मंडळात वाढलेली. आमच्याकडे तिघी गायल्या तरी सूर एकच, फार तर एक खालच्या सप्तकात. म्हणून रेकॉर्ड निम्म्या गतीने लावली आणि एकच ओळ घेऊन बसले. वरचा सूर सापडला. खालचाही अर्ध्या तासात सापडला. मधला काही केल्या हाती लागेना. शेवटी लक्षात आलं की तो मध्ये राहतच नाही. ओळीच्या मध्यावर तो वरच्या सुराच्या वर सरकतो, वरचा खाली उतरतो आणि शेवटच्या शब्दाला तिन्ही पुन्हा जवळ येतात. आवाज एकाच घरातले, एकाच घडणीचे. त्यामुळे कोण कुणाला ओलांडून गेली ते ऐकणाऱ्याला कळतही नाही. तीन बोटं पट्ट्यांवर ठेवून तो शेवटचा मेळ धरला आणि भाता संपेपर्यंत सोडला नाही.

हे फक्त साथीचे सूर जोडणं नव्हे. आलेलं गाणं त्या उसवून नव्याने शिवायच्या. मधेच लय निम्मी, मधेच पट्टी बदललेली, आनंदी चाल एकदम उदास, पुन्हा दुप्पट लयीत धाव. आणि सगळं तीन मिनिटांत, कारण मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीत तेवढंच मावायचं. ही कल्पकता मुख्यतः कॉनीची, पियानोवर मार्था. न्यूयॉर्कला १९३१पासून ब्रन्सविक कंपनीसाठी त्यांनी जी मुद्रणं केली त्यांत मागे डॉर्सी बंधू, एडी लँग, जो व्हेनुटी, बनी बेरिगन असे नामवंत जाझवादक वाजवत होते. त्या वादकांच्या बरोबरीने या तिघी उभ्या आहेत, त्यांच्यापुढे सजावटीला उभ्या केलेल्या नाहीत. चाल ओळखू येत नाही म्हणून तक्रार करणारेही होते. माझ्या मते त्यांची सर्वांत धाडसी गाणी तीच, ज्यांच्यावर अशी तक्रार व्हावी.

"उभ्या आहेत" असं मी सवयीने लिहिलं, पण कॉनी उभी राहू शकत नव्हती. लहानपणी पोलिओ झाला आणि पाय गेले. आई खेळण्यातल्या गाडीवरून पडल्याचं कारण सांगायची. चाकाच्या खुर्चीतच तिचं आयुष्य गेलं. रंगमंचावर पडदा उघडायच्या आधी तिला बसवून ठेवलेलं असायचं, लांब झग्याखाली सगळं झाकलेलं. छायाचित्रांत तिघी बहुतेक वेळा बसलेल्याच दिसतात. एकीसाठी दोघी बसायच्या. हे कळल्यानंतर ती छायाचित्रं मला वेगळीच दिसायला लागली.

रेडिओला यातलं काहीच दिसत नव्हतं. सीबीएस या रेडिओ कंपनीवर, कधी चेस्टरफील्ड सिगारेटवाल्यांच्या पंधरा मिनिटांच्या कार्यक्रमात, पुढे गायक बिंग क्रॉस्बीच्या कार्यक्रमात, त्यांचे आवाज अमेरिकेतल्या घराघरांत पोचले. २१ जुलै १९३१ला सीबीएसने न्यूयॉर्कमध्ये प्रायोगिक दूरचित्रवाणी सुरू केली, त्या पहिल्या कार्यक्रमातही या तिघी होत्या. १९३३ आणि १९३५ साली त्या युरोपला जाऊन आल्या. १९३५च्या सुरुवातीला 'द ऑब्जेक्ट ऑफ माय अफेक्शन' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ज्या गायिकांकडून त्या शिकल्या, त्यांच्यासाठी हेच स्टुडिओ आणि हेच कार्यक्रम बव्हंशी बंद होते. बॉझवेल गोऱ्या होत्या म्हणून दार उघडलं. आणि तरी गाणं उलट्या वाटेनेही गेलं. २१ नोव्हेंबर १९३४ला न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या अपोलो थिएटरात सतरा वर्षांची एक मुलगी हौशी कलाकारांच्या स्पर्धेत नाचायला आली, ऐनवेळी गायली, आणि गायली ती कॉनीसारखं गायचा प्रयत्न करत. ती म्हणजे पुढे जाझची थोर गायिका झालेली एला फिट्झगेराल्ड. कॉनीचं ऋण तिने जन्मभर मान्य केलं. अँड्र्यूज सिस्टर्स या दुसऱ्या तिघी बहिणींनीही सुरुवात यांचं अनुकरण करूनच केली. लोकांना आज त्यांचं नाव माहीत असतं, यांचं नसतं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

फेब्रुवारी १९३६मध्ये शेवटचं ध्वनिमुद्रण झालं. तिघींची लग्नं झाली होती, व्हेटला बाळ होणार होतं. मार्था आणि व्हेट थांबल्या, कॉनी एकटी गात राहिली. युद्धाच्या काळात सैनिकांपुढे गायला परदेशी जायची तिची इच्छा होती, खुर्चीमुळे परवानगी मिळाली नाही. १९४०च्या दशकात तिने नावाचं इंग्रजी स्पेलिंगही बदललं. मार्था १९५८ला गेली, कॉनी १९७६ला, व्हेट १९८८ला. कॉनीची एकटीची गाणीही सुंदर आहेत, पण ती ऐकताना मी वरचा आणि खालचा सूर मनात धरूनच ऐकते. तशी सवयच लागली आहे.

आम्हीही तीन गावांत पांगलो. परवा ताईला फोन लावला आणि काही न सांगता मोबाइल स्पीकरपाशी धरून ते गाणं वाजवलं. ती भाषा सुरू झाली तशी ताई पलीकडे अगदी गप्प झाली. गाणं संपलं. थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग चाळीस वर्षांपूर्वीच्या वेगाने ती म्हणाली, "चुन्हाप चावल."

मी पुन्हा लावलं.