आयव्हीवरचा आरोप

रविवार, रात्र

आज कुंडी सरकवताना आयव्हीची एक फांदी भिंतीवरून टर्रकन सुटली. सोबत रंगाचा पापुद्राही आला. वाकून पाहिलं, तर देठाच्या भिंतीकडच्या अंगाला बारीक मुळांची दाट रांग होती, थेट गोमेच्या पायांसारखी. ही मुळं फक्त धरून ठेवतात. वेलीचं पोट भरतं ते जमिनीतल्या मुळांवर. झाडावर चढली तरी आयव्ही झाडाचा रस शोषत नाही. भार वाढला की कमकुवत फांदी मोडते, झाडाचा उजेडही अडतो, हे खरं. पण ती बांडगूळ नाही.

आणि मी इतकी वर्षं तिला बांडगूळच समजत आले, शेक्सपिअरमुळे. 'टेम्पेस्ट' नाटकाच्या पहिल्याच अंकात प्रॉस्परो, म्हणजे भावानं राज्य बळकावून हाकललेला मिलानचा ड्यूक, मुलीला सांगतो, माझा भाऊ म्हणजे आयव्ही, माझ्या खोडाला झाकून त्यानं माझा हिरवेपणा पिऊन टाकला. प्रतिमा इतकी नेमकी, की शंका घ्यावीशीच वाटली नाही.

संध्याकाळी ते पान पुन्हा काढलं. त्याच्या आधीच्या ओळी आज वेगळ्याच वाटल्या. ग्रंथांत बुडालेल्या प्रॉस्परोनं मिलानचा कारभार आपणहून भावाच्या गळ्यात घातला होता. हे तो स्वतःच सांगतो! भावाचा विश्वासघात खोटा नाही, त्याची बाजू मी घेणार नाही. पण खोडानं स्वतःच पाठ फिरवली होती, आणि ते दुःख बोलायला त्याला एक वेल सापडली. ती प्रतिमा आयव्हीपेक्षा प्रॉस्परोबद्दल जास्त सांगते. मला तर वाटतं, त्या नाटकातली त्याची सगळ्यात उघडी जखम तीच.

शेक्सपिअरच्याच 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये मात्र हीच वेल प्रेमाची. पऱ्यांची राणी टिटानिया बॉटम नावाच्या विणकराला मिठीत घेते आणि म्हणते, एल्म वृक्षाच्या खडबडीत बोटांभोवती आयव्ही अशीच कडं घालते. 'बोटांभोवती' या शब्दाशी मी दर वेळी थांबते. झाडाला एकदम हात फुटतो. पण बॉटमच्या धडावर तेव्हा गाढवाचं डोकं असतं आणि टिटानियाच्या डोळ्यांत जादूचा रस. म्हणजे एक दुखावलेला, एक भारलेली. वेल तीच.

त्याच्याही कितीतरी आधी रोमन कवी व्हर्जिलच्या सातव्या गोपगीतात उमलत्या कवीला आयव्हीनं सजवा असं म्हटलंय. ग्रीकांचा मद्यदेव डायोनिसस, त्याच्या माथ्यावरही तिचाच मुकुट. धरून ठेवणं हा तिथं दोष नाही, हे वाचून आज फार बरं वाटलं.

सुटलेल्या फांदीची जुनी मुळं भिंतीला पुन्हा चिकटत नाहीत, नवा शेंडाच धरतो. फांदी एका काठीला सैलसर बांधली आहे. शेंडा भिंतीकडे वळवून ठेवलाय.