टिंबांचा डेटा

नवीन सॉफ्टवेअर रुजलं की नाही हे बघायचं असेल तर मी डॅशबोर्ड बघत नाही, ड्रॉवर उघडायला सांगतो. गो-लाइव्ह होऊन, म्हणजे सिस्टीम प्रत्यक्ष चालू होऊन, सहा महिने झालेत, साहेबांना पीपीटी दाखवून झाली, सगळ्यांचे फोटो काढून झाले, आणि स्टोअरमधल्या काकांच्या ड्रॉवरमध्ये जुनं रजिस्टर आहेच, वर त्यात कालच्या तारखेची एन्ट्री, म्हणजे समजायचं की सिस्टीम आली पण काम काही तिच्यात आलं नाही.

आमच्याकडे माल इश्यू करायच्या फॉर्मवर १४ फील्ड होती आणि 'कारण' कंपल्सरी. कोणी ठरवलं? मीटिंगला बसलेल्यांनी, त्यात मीपण होतो. आता समोर एक जण माल घ्यायला उभा, त्याच्या मागे अजून दोघं, आणि काका एका बोटाने कारण टाइप करत बसणार होय? महिन्याने रिपोर्ट काढला तर कारणाच्या कॉलममध्ये वरपासून खालपर्यंत नुसती टिंबं. एक टिंब मारलं तरी सेव्ह होतं हे एकाला कळलं आणि दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं (आमचं ट्रेनिंग एवढ्या स्पीडने कधीच पोचलं नाही).

पण चूक त्यांची नव्हती हो. एन्ट्री मारायची यांनी आणि रिपोर्ट बघायचा वरच्यांनी, यांच्या पदरात काय? लोक नवीन तंत्रज्ञान का स्वीकारतात याचा अभ्यास करणाऱ्या फ्रेड डेव्हिस या संशोधकाने १९८९ मध्येच दाखवलं होतं की लोक सिस्टीम वापरतात का याचा संबंध ती सोपी आहे यापेक्षा ती आपल्या कामाची आहे असं वाटण्याशी जास्त असतो. आणि आम्ही बटणांचे रंग बदलत बसलेलो.

दुसरी खोड म्हणजे सगळं एका दिवसात चालू करायचं. लंडनच्या अ‍ॅम्ब्युलन्स सेवेने २६ ऑक्टोबर १९९२ ला असंच केलं, गाड्या पाठवायचं काम एकदम कॉम्प्युटरवर. गाडी नेमकी कुठे आहे हे सिस्टीमला कायम अचूक कळेल असं धरून चाललेले, ते काही कळेना, मग एकाच कॉलला दोन गाड्या, कुठे एकही नाही, स्क्रीनवर मेसेजचा ढीग. दुसऱ्याच दिवशी अर्धं काम परत हाताने सुरू झालं, आणि ४ नोव्हेंबरला सिस्टीम पूर्णच बसली, कारण काय तर चुकून राहिलेला थोडासा कोड जो गुपचूप मेमरी खात होता. त्याच सेवेने १९९६ मध्ये दुसरी सिस्टीम आणली, छोट्या छोट्या टप्प्यांत, कंट्रोल रूममधल्या लोकांना सोबत घेऊन. ती चालली.

आम्हीपण मग एकच सेक्शन घेतला. काकांना शेजारी बसवून फॉर्म १४ वरून ५ फील्डवर आणला, कारणाला ड्रॉपडाउन दिला, म्हणजे टाइप न करता यादीतून निवडायचं. मास्टरमध्ये, म्हणजे सगळ्या मालाच्या मूळ यादीत, एकच बोल्ट तीन नावांनी होता, तो त्यांनीच पकडला, आम्हाला जन्मात सापडला नसता. आणि शिल्लक किती हे प्रॉडक्शनवाल्यांना त्यांच्याच स्क्रीनवर दिसायला लागलं, म्हणजे काकांना दिवसभर येणारे ते फोन बंद. खरं गाडं तिथे हललं.

परवा मुद्दाम ड्रॉवर बघितला. रजिस्टर आहे अजून. शेवटची एन्ट्री तीन महिन्यांपूर्वीची, पुढच्या पानावर पेन चालतंय का बघायला मारलेल्या रेघोट्या.