केल्सो ड्यून्सला साइडवाइंडर बघायचाय? मग आधी वाळू बघा

एप्रिलच्या शेवटी कॅलिफोर्नियातल्या मोहावी नॅशनल प्रिझर्व्हमध्ये केल्सो ड्यून्सला, म्हणजे वाळूच्या टेकड्यांवर जाऊन आलो, खास साइडवाइंडर रॅटलस्नेक हा विषारी साप बघायला, आणि दिसला! कोणी जाणार असाल तर दुपारी फिरू नका, ऊन तापलं की तो बिळात जातो नाहीतर झुडपाखाली वाळूत रुतून बसतो. वारा नसलेली संध्याकाळ निवडा, अंधार पडला की टॉर्च गुडघ्याच्याही खाली धरा, उजेड तिरका पडला की वाळूवरचे माग लगेच उठून दिसतात. साप शोधत बसू नका, माग शोधा: एकमेकींना न जोडलेल्या तिरक्या समांतर रेघा, प्रत्येक रेघ इंग्रजी 'जे'सारखी. वारा हे माग पटकन पुसतो, म्हणून ठळक दिसला तर ताजाच समजा.

आम्हाला क्रिओसोटच्या झुडपाजवळ दिसला, बशीएवढं वेटोळं, अर्धं वाळूत, रंग हुबेहूब वाळूचा आणि डोळ्यांवर शिंगांसारखे खवले. हा साप अडीच फुटांच्या वर सहसा जात नाही, असाच दबा धरून सरडे आणि कांगारू रॅट (उड्या मारणारे उंदरासारखे प्राणी) पकडतो. थोड्या वेळाने स्वतःहून निघाला आणि खरंच सांगतो, श्वास रोखून बघत होतो आम्ही, अंगाचे एकदोनच भाग वाळूला टेकलेले, बाकी शरीर हवेत उचललेलं आणि चाल आडवी. चढ उभा असेल तर तो अंगाचा जास्त भाग टेकवतो म्हणून वाळू घसरत नाही, २०१४ मध्ये यावर छान संशोधन प्रसिद्ध झालंय.

आपल्या कोकणातलं फुरसंही असंच आडवं पळतं, दोघंही थेट पिल्लं घालतात, पण फुरसं अंगावरचे खवले घासून आवाज करतं आणि याच्या शेपटीला खुळखुळा असतो. शिवाय याच्या तोंडावर उष्णता ओळखणारे खड्डे आहेत, फुरशाला नाहीत. साइडवाइंडरची पिल्लं पहिली कात टाकेपर्यंत आईबरोबर बिळातच राहतात, मला हे फार आवडलं.

विष इतर रॅटलस्नेकपेक्षा सौम्य म्हणतात, त्यावर अजिबात जाऊ नका. जाड बूट घाला, दोन मीटर लांब राहा, फोटोसाठी काठीने डिवचू नका, झुडपाखाली हात घालू नका. चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नाही, माणसाला शांत ठेवून थेट हॉस्पिटल. तिथे फोनला रेंज जवळपास नसतेच, म्हणून कुठे जाताय ते घरी सांगून निघा. पेट्रोल आणि पाणी आधीच बेकर गावात भरून घ्या, प्रिझर्व्हच्या आत पेट्रोल पंप नाही, शेवटचा रस्ता कच्चा आहे.