उतरलेल्यांची गोष्ट

शनिवार, रात्री उशिरा

आज 'फायनल डेस्टिनेशन' पुन्हा बघितला. भाची सुट्टीला सांगलीत विश्रामबागला आमच्याकडं आलीय, तिला भुताचा सिनेमा हवा होता. यात भूत नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग घाबरायचं कशाला, मावशी?" पुढं सिनेमातल्या टॉड नावाच्या पोराच्या न्हाणीघरात पाण्याचा ओघळ फरशीवरून त्याच्या पायांच्या दिशेनं सरकू लागला, तेव्हा तिनं माझा दंड घट्ट धरला.

हा सिनेमा 2000 सालचा, दिग्दर्शक जेम्स वाँग. फ्रेंच शिकणारी शाळेतली पोरं पॅरिसच्या सहलीला निघालेली असतात. विमान सुटायच्या आधीच अ‍ॅलेक्सला त्याचा स्फोट डोळ्यांसमोर दिसतो. तो आरडाओरडा करतो, मारामारी होते आणि सातजण खाली राहतात. विमान आकाशात झेपावतं आणि फुटतं. मग मृत्यू या सातजणांना एकेक करून गाठायला लागतो. मूळ कल्पना जेफ्री रेडिक यांची. एका बाईला तिच्या आईनं फोन करून सांगितलं होतं, उद्याच्या विमानानं येऊ नकोस, मला काही ठीक वाटत नाही. तिनं विमान बदललं आणि आधीचं विमान पडलं. ही बातमी वाचून रेडिकनी आधी 'एक्स-फाइल्स' मालिकेसाठी कथा लिहिली होती, तिचा पुढं सिनेमा झाला.

लोक या सिनेमातले मृत्यू लक्षात ठेवतात. कोण कसं मेलं, कुठली वायर, कुठली बस. मला मात्र तो आवडतो तो वाचलेल्यांसाठी. टॉडचा भाऊ जॉर्ज विमानातच राहिलेला असतो, त्यानंच टॉडला अ‍ॅलेक्सबरोबर थांब म्हणून सांगितलेलं असतं. टॉड मरतो तेव्हा फरशीवरचं पाणी आल्या वाटेनं मागं जातं, काही खूण उरत नाही. घरच्यांची खात्री पटते, पोरानं भावाच्या दुःखात जीव दिला. त्या लूटनबाई तर शिक्षिका. दोघांपैकी एकाच शिक्षकाला परत विमानात सोडणार होते, तेव्हा त्यांनी दुसऱ्याला पाठवलं. पुढं एका रात्री त्या चहा ओततात आणि मगवर शाळेचं चिन्ह दिसताच दचकतात. चहा फेकून त्याच गरम मगात बर्फ आणि दारू घालतात. मगाला बारीक तडा जातो, थेंब थेंब दारू गळत कॉम्प्युटरवर पडते. त्या मात्र सामान बांधण्यात गुंतलेल्या. गाव सोडून जायच्या तयारीत असतात, कारण तिथं आता त्यांना राहवत नाही. मृत्यू यायच्या आधीच त्यांचं जगणं उसवलेलं असतं.

हे मी जवळून पाहिलंय. कॉलेजात असताना माझी एक मैत्रीण संध्याकाळच्या वडापनं, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या गाडीनं, तासगावकडं निघाली होती. आईच्या बीपीच्या गोळ्या घ्यायच्या राहिल्या म्हणून माधवनगरला उतरली. तिच्या जागेवर मागची मुलगी सरकून बसली. पुढं रस्त्यावर अंधारात उसाची ट्रॉली उभी होती, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. दोन दिवसांनी मी तिच्या घरी गेले तर सोपा बायकांनी भरलेला. कुणी नारळ आणलेला, कुणी अंगारा. "देव तारी त्याला कोण मारी" हेच जो तो म्हणत होता. ती भिंतीला टेकून बसली होती. हातात तीच गोळ्यांची पट्टी, तिचा मुडपलेला कोपरा अंगठ्यानं सरळ करायची, पुन्हा मुडपायची. महिन्याभरानं त्या दुसऱ्या मुलीची आई बाजारात भेटली. रागावली नाही, ओरडली नाही. एवढंच विचारलं, "तू गं का उतरलीस?" त्यानंतर मैत्रीण कितीतरी दिवस तासगावच्या बाजाराला गेली नाही.

म्हणून सिनेमात गावातली माणसं अ‍ॅलेक्सकडं ज्या नजरेनं बघतात, तपासाला आलेले एफबीआयचे अधिकारी त्याच्यावरच संशय घेतात, ते मला अजिबात रचलेलं वाटत नाही.

आपल्याकडं यमाशी बोलता तरी येतं. सावित्री त्याच्या मागं चालत राहिली, शब्दात पकडून नवऱ्याला सोडवून आणलं. नचिकेत त्याच्या दारात बसून राहिला. इथं बोलायला कुणी नाहीच. फार तर वारा सुटतो, काचेत सावली हलते. मग पोरं आपापल्या परीनं मार्ग काढतात. सातांपैकी कार्टर रुळांवर गाडी उभी करून मृत्यूला आव्हान देतो. अ‍ॅलेक्स एका झोपडीत स्वतःला कोंडून घेतो, टोकदार दिसेल ते झाकत बसतो. पण त्याच सातांतल्या क्लिअर या मुलीचा जीव धोक्यात आहे हे कळल्यावर तो बाहेर धावतो, तिथं हा सिनेमा मला खरा वाटायला लागतो. पहिल्यांदा चित्रित केलेल्या शेवटात तिला वाचवताना तो मरतो आणि पुढं तिला मूल होतं. चाचणी खेळात प्रेक्षकांना ते रुचलं नाही, म्हणून पॅरिसमधला, अ‍ॅलेक्स जिवंत असलेला शेवट नव्यानं घेतला. माझं मत त्या आधीच्या शेवटालाच. पॅरिसमध्ये धक्का आहे, पण त्या पोरानं मोजलेली किंमत तिथं वाया जाते.

टोनी टॉड यांच्याबद्दल लिहायलाच हवं. प्रेतांची व्यवस्था बघणारा तो भारदस्त आवाजाचा माणूस त्यांनी पहिल्या भागापासून केला. याच मालिकेतल्या 2025 च्या भागाचं काम केलं तेव्हा ते आजारी होते, आणि तो यायच्या आधी, नोव्हेंबर 2024 मध्ये गेले. त्यातल्या निरोपाच्या प्रसंगी दिग्दर्शकांनी त्यांना लिहिलेले संवाद बाजूला ठेवून मनातलं बोला म्हणून सांगितलं होतं. ते बोलणं ऐकताना माझा गळा दाटून आला. तिथं नट राहिला नव्हता, जाणारा माणूस राहिलेल्यांशी बोलत होता.

मैत्रीण दिवाळीला माहेरी येतेय, मघाशीच तिचा मेसेज आला. हा सिनेमा तिला दाखवायचा नाही. पण माधवनगरला उतरल्यापासून घरी पोचेपर्यंत तिची ती संध्याकाळ कशी गेली, हे तिला विचारायचंय. मला आठवतं तसं, हे तिला कुणीच विचारलेलं नाही.